बायांची गोल्फ स्पर्धा : युद्धरोख्यांपासून २४ लाख डॉलरपर्यंत

खेळांच्या गोष्टी सांगताना आम्ही आजवर कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं असे आपल्या ओळखीचे खेळ घेतले. आज जरा लांब जाऊ. गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते हिरवंगार कुंपणातलं मैदान, टोपीवाले साहेब आणि त्यांच्यामागे पिशवी घेऊन चालणारा माणूस. बायांचा त्यात काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि त्यात आपल्या गटातल्या बायांना ओळखीच्या वाटतील अशा पुष्कळ गोष्टी आहेत. पैसा कसा उभा राहतो, संघटना कशी बांधतात, आणि वहीतल्या एका आकड्यानं काय होऊ शकतं, हे सगळं.

आधी खेळ दोन वाक्यांत समजून घेऊ. गोट्या खेळताना आपण गल करतो, तशी जमिनीत सव्वाचार इंच रुंदीची एक गल. लांबवरून काठीनं चेंडू मारत मारत त्या गलीत घालायचा. अशा १८ गली असतात, त्यांना होल म्हणतात. ज्या बाईला सगळ्यांत कमी फटके लागले ती जिंकली. मोठी स्पर्धा चार दिवस चालते, रोज १८ होल, म्हणजे एकूण ७२. इथे कमी आकडा चांगला, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळतं.

अमेरिकेत पुरुषांची राष्ट्रीय खुली गोल्फ स्पर्धा, यू.एस. ओपन, १८९५ पासून आहे. बायांची सुरू झाली १९४६ मध्ये. मधे ५१ वर्षं गेली. बाया खेळत नव्हत्या असं नाही. त्या हौशी म्हणून खेळायच्या, म्हणजे पैसे न घेता. घरची सधन असेल तिला हे परवडायचं. खेळून पोट भरणं हे बाईला शोभत नाही, असा तिकडेही समज होता.

१९४४ मध्ये होप सेनिअस नावाच्या बाईनं दोन जोडीदारणींना घेऊन व्यावसायिक महिला गोल्फरांची पहिली संघटना काढली. स्वतःचे आणि वडिलांचे पैसे घालून रेटली. त्या संघटनेनं १९४६ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन गावी पहिली महिला ओपन भरवली. बक्षिसाची रक्कम होती १९,७०० डॉलर. ती कुणी दिली? स्पोकॅनमधल्या पुरुषांच्या एका मंडळानं. त्यांच्या क्लबात नाणी टाकून खेळायची जुगाराची यंत्रं होती, त्यातून जमलेला हा पैसा. आणि तोही रोख नाही, युद्धरोख्यांत! युद्धाच्या काळात सरकारनं जनतेकडून कर्ज घेतलं होतं, त्याचे ते कागद. पहिली विजेती पॅटी बर्ग, हिला ५,६०० डॉलरचे रोखे मिळाले. अंतिम सामन्यात तिनं बेटी जेमसनला हरवलं. त्या वर्षी एकास एक असे सामने झाले, पुढच्या वर्षापासून ७२ होलांचे फटके मोजायची पद्धत आली. १९४७ ची विजेती बेटी जेमसनच. ७२ होलांच्या स्पर्धेत ३०० च्या आत फटक्यांत खेळ संपवणारी ती पहिली बाई. तिचं नाव विसरू नका, पुढे पुन्हा येणार आहे.

ती पहिली संघटना फार दिवस टिकली नाही. पैसा संपला, माणसं दमली. मग १९५० मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटॉ गावी याच ओपनच्या वेळी १३ जणींनी नवी संघटना उभी केली. तिचं नाव एलपीजीए, आणि ती आजही चालू आहे. तेराच जणी! आपल्या एका बचत गटाएवढ्या. त्यांतली सगळ्यांत धाकटी, मार्लिन बाउअर, होती १६ वर्षांची, आणि तिची बहीण ॲलिसही त्यात होती. सुरुवातीला यांच्याकडे ना कचेरी ना नोकर. मैदान आखायचं, नियम लावायचे, पत्रं लिहायची, हिशेब ठेवायचा, सगळं खेळणाऱ्या बायाच करायच्या. एक स्पर्धा संपली की मोटारींची रांग करून पुढच्या गावाला निघायच्या. गावात पोचल्या की जिथे गर्दी असेल तिथे जाऊन, अगदी मुष्टियुद्धाच्या आखाड्यातही, ‘आमचा खेळ बघायला या’ म्हणून सांगायच्या. आम्हाला या बायांच्या फटक्यांपेक्षा ही पायपीटच जास्त मोठी वाटते. बक्षीस तर घटतच चाललं होतं. १९५३ मध्ये या बायांनीच विनंती केल्यावरून देशाच्या गोल्फ संघानं, म्हणजे यूएसजीएनं, ही स्पर्धा चालवायला घेतली. तेव्हा पहिलं बक्षीस होतं २,००० डॉलर, म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही कमी.

या १३ जणींत एक होती बेब डिड्रिक्सन झहारियास. टेक्सासची, नॉर्वेहून आलेल्या कुटुंबातली मुलगी. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांची शर्यत आणि भालाफेक यांत दोन सुवर्णपदकं, वर उंच उडीत रौप्य. गोल्फकडे ती नंतर वळली. १९४८ आणि १९५० ची ओपन तिनं जिंकली. मधल्या १९४९ मध्ये मात्र लुईस सग्जनं तिला तब्बल १४ फटक्यांनी मागे टाकलं. एवढ्या फरकानं ही स्पर्धा आजवर कुणीच जिंकलेली नाही. दोघींचं फारसं पटत नव्हतं म्हणतात. पण संघटना काढायला दोघी एकत्र बसल्या.

१९५३ च्या एप्रिलमध्ये बेबला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं. पोटाला छिद्र पाडून शौचाची पिशवी लावली, ती कायमची. डॉक्टरांना वाटत होतं की हिचा स्पर्धेतला खेळ संपला. साडेतीन महिन्यांत ती पुन्हा मैदानात होती. आणि १९५४ च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पीबडी गावी तिनं तिसऱ्यांदा ओपन जिंकली, १२ फटक्यांनी. शेवटच्या दिवशी एकाच दिवसात ३६ होल खेळायचे होते. कमरेला ती पिशवी बांधून, उन्हात, मैलोन्‌मैल चालत ती ते खेळली. तेव्हा ती ४३ वर्षांची होती. तिच्याहून मोठ्या वयाच्या कुणी ही स्पर्धा आजवर जिंकलेली नाही.

इथे जरा थांबू. १९५३ मध्ये कर्करोग हा शब्द लोक तोंडातून काढत नसत, अमेरिकेतही. पोटाच्या आजाराबद्दल बाईनं बोलायचं तर नाहीच. बेबनं आपला आजार लपवला नाही. वर्तमानपत्रांत सांगितलं, सभांत सांगितलं, कर्करोगाच्या कामासाठी पैसे गोळा केले. आपल्याकडे अंगावर काढायची सवय कुणाला नाही? ताप अंगावर, पांढरं जाणं अंगावर, गाठ असली तरी ‘बघू शेतीची कामं आटपल्यावर’. बेबचा आजार १९५५ मध्ये उलटला आणि सप्टेंबर १९५६ मध्ये ती गेली, ४५ व्या वर्षी. आजाराची गोष्ट नेहमीच विजयानं संपत नाही, हेही खरं आहे. पण त्या तीन वर्षांत तिनं जे बोलून दाखवलं, त्यामुळे कितीतरी जणींना डॉक्टरकडे जायचा धीर आला असेल.

१९५४ च्या त्या शेवटच्या दिवशी बेबबरोबर चालत होती १९ वर्षांची एक पोरगी, मिकी राइट. तेव्हा ती हौशी म्हणून खेळत होती. तिनं त्या दिवशी काय पाहिलं असेल ते तिलाच ठाऊक. पुढे तिनं १९५८, १९५९, १९६१ आणि १९६४ अशी चार वेळा ही स्पर्धा जिंकली. चार वेळा जिंकणाऱ्या दोघीच आहेत. दुसरी बेट्सी रॉल्स, भौतिकशास्त्राची पदवीधर, जिंकली १९५१, १९५३, १९५७ आणि १९६० मध्ये. आता विजेतीच्या गळ्यात जे पदक पडतं त्याला मिकी राइटचंच नाव आहे.

रॉल्सच्या १९५७ च्या विजयाची गोष्ट मात्र वेगळी, आणि बचत गटाच्या प्रत्येक सचिवबाईनं ऐकावी अशी.

न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट क्लबात स्पर्धा होती. शेवटच्या दिवशी जॅकी पंग नावाच्या बाईनं २९८ फटक्यांत खेळ संपवला. रॉल्सचे २९९. म्हणजे पंग एका फटक्यानं जिंकली. ही पंग हवाई बेटांवरची, तिथल्या मूळ रहिवाशांतली, मुलींची आई. १९५३ मध्ये हीच पंग रॉल्सशी बरोबरीत येऊन ज्यादा फेरीत हरली होती. आता अखेर जिंकली म्हणून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, अभिनंदनं सुरू झाली.

गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहायचे नसतात. जोडीनं खेळणाऱ्या दोघी एकमेकींचं कार्ड भरतात. प्रत्येक होलापुढे आकडा लिहायचा, मग जिचं कार्ड तिनं तपासून सही करायची. पंगचं कार्ड भरत होती बेटी जेमसन, आपली १९४७ ची विजेती. आणि जेमसनचं भरत होती पंग. चौथ्या होलावर दोघींनाही सहा-सहा फटके लागले होते. दोघींनीही एकमेकींच्या कार्डावर पाच लिहिले. खाली एकूण बेरीज मात्र पंगच्या कार्डावर बरोबर होती, ७२. म्हणजे एक फटका चोरायचा कुणाच्या मनातही नव्हतं. पण नियम असा की बेरजेची जबाबदारी स्पर्धा भरवणाऱ्यांची, आणि प्रत्येक होलापुढच्या आकड्याची जबाबदारी सही करणारीची. झालेल्या फटक्यांपेक्षा कमी आकड्यावर सही झाली की स्पर्धेतून बाद. पंग बाद झाली. जेमसनही बाद झाली. आणि कप गेला बेट्सी रॉल्सकडे.

या निकालावर आम्हा रेडिओच्या मंडळींत दोन तट पडले, हे सांगायला हरकत नाही. एकीचं म्हणणं, नियम तो नियम. तो जॅकीला लावला नसता तर उद्या खरोखर खोटं लिहिणारीलाही सोडावं लागलं असतं. दुसरीचं म्हणणं, बेरीज बरोबर असताना एवढी शिक्षा म्हणजे माणसापेक्षा कागद मोठा झाला. आमचं एकमत झालं नाही. पण त्या क्लबातल्या लोकांनी काय केलं ते पाहा. सभासदांनी, बघ्यांनी, पत्रकारांनी तिथल्या तिथे वर्गणी काढली. विजेतीचं बक्षीस होतं १,८०० डॉलर. पंगसाठी जमले त्याहून जास्त. नियम कुणी मोडला नाही आणि बाईला रिकाम्या हातानं घरीही जाऊ दिलं नाही. कप मात्र तिला पुढे कधीच मिळाला नाही.

आपल्या गटाच्या बैठकीत पासबुकावर शिक्का पडतो, सही होते, अंगठा होतो. किती जणी एकेक ओळ वाचून सही करतात? खालचा एकूण आकडा बघायचा आणि सही ठोकायची, हेच बहुतेक जणी करतात. जॅकी पंगनंही तेच केलं होतं.

पुढची काही वर्षं भरभर सांगतो. १९५५ मध्ये उरुग्वेची फे क्रॉकर जिंकली, परदेशातून आलेली पहिली विजेती. १९६७ मध्ये फ्रान्सची २२ वर्षांची कॅथरीन लाकोस्त जिंकली. ती हौशी खेळाडू, त्यामुळे बक्षिसाचे पैसे तिला नाहीत. ही स्पर्धा जिंकणारी आजवरची ती एकमेव हौशी बाई. शर्टावरच्या मगरीच्या चिन्हामुळे जे लाकोस्त नाव जगभर गेलं, त्या टेनिसपटूची ही मुलगी. ज्यांच्या घरी सगळं आहे अशांचीही एक गोष्ट यादीत असायचीच.

पण क्लबाची दारं सगळ्यांना सारखी उघडी नव्हती. ॲल्थिया गिब्सन ही विम्बल्डन दोनदा जिंकलेली कृष्णवर्णीय टेनिसपटू. तिनं नंतर गोल्फ धरला आणि १९६४ मध्ये एलपीजीएची पहिली कृष्णवर्णीय सभासद झाली. काही क्लबांनी तिला मैदानात खेळू दिलं, पण इमारतीत पाऊल ठेवू दिलं नाही. कपडे मोटारीत बदलून ती खेळायला उतरायची. पाणवठे आणि देवळं कुणाला बंद होती हा इतिहास आपल्याला वेगळा सांगायला नको.

आता येऊ १९९८ वर. हे वर्ष आधी दक्षिण कोरियाच्या बाजूनं बघावं लागेल. १९९७ च्या अखेरीला त्या देशाची तिजोरी रिकामी झाली. कारखाने बंद पडले, लाखो लोकांचं काम गेलं, सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं. तेव्हा तिथल्या लोकांनी घरातलं सोनं बाहेर काढलं. बायांनी लग्नातल्या अंगठ्या दिल्या, बाळांच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या दिल्या. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून सुमारे २२७ टन सोनं देशासाठी जमा केलं. बाईच्या अंगावरचं सोनं अडीनडीला कसं उतरतं, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

अशा वर्षी, जुलैमध्ये, विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्लॅकवुल्फ रन मैदानावर से री पाक ही २० वर्षांची कोरियन मुलगी ओपन खेळत होती. चार दिवसांनंतर तिची बरोबरी झाली जेनी चुआसिरिपोर्न या हौशी विद्यार्थिनीशी. जेनीचे आईवडील थायलंडहून अमेरिकेत आलेले. सोमवारी दोघींची पुन्हा १८ होलांची फेरी झाली. शेवटच्या होलावर पाकचा चेंडू तळ्याच्या काठावर, उतारावरच्या गवतात जाऊन अडकला. तिनं बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उतरली. पाय उन्हानं रापून काळे झालेले, आणि मोज्याच्या आतली पावलं पांढरीफटक! चिखलणीला पाण्यात उतरताना आपण जसा पाय रोवतो तसा रोवून तिनं चेंडू बाहेर काढला. त्या फेरीतही बरोबरी झाली. मग आणखी दोन होल. विसाव्या होलावर पाक जिंकली. एकूण ९२ होल झाले.

ते पाण्यातलं दृश्य कोरियात रात्रभर जागून लोकांनी टीव्हीवर पाहिलं. ते पाहणाऱ्यांत एक नऊ वर्षांची मुलगी होती, इन्बी पार्क. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, १९ व्या वर्षी तिनं हीच स्पर्धा जिंकली, आणि २०१३ मध्ये पुन्हा. २००५ ते २०२० या काळात कोरियाच्या मुलींनी ही ओपन दहा वेळा जिंकली. त्यांतली एक, २००५ ची विजेती, मूळची किम जू युन. किम आडनावाच्या इतक्या जणी होत्या की तिनं आपलं नावच बदलून ‘बर्डी’ ठेवलं. होलाला ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी लागला तर त्याला बर्डी म्हणतात. शेवटच्या होलावर वाळूच्या खड्ड्यातून थेट गलीत चेंडू घालून तिनं बर्डीच केली! दुसरी, २०१९ ची विजेती ली जोंग उन. कोरियाच्या स्पर्धांत या नावाच्या सहा जणी झाल्या, म्हणून हिच्या नावापुढे चक्क ६ हा आकडा लावतात. आपल्या गटात तीन सुनीता असल्या की आपणही मोठी, मधली, धाकटी करतोच. या ली६ ला पहिलं बक्षीस मिळालं १० लाख डॉलर. एवढी रक्कम या स्पर्धेत प्रथमच दिली गेली.

आणि ती हरलेली जेनी? पुढे तिनं खेळ सोडला आणि ती नर्स झाली.

२०२१ मध्ये युका सासो जिंकली. तिची आई फिलिपिन्सची, वडील जपानचे. ती तेव्हा फिलिपिन्सकडून खेळत होती. विजयाच्या दिवशी तिचं वय दिवसाच्या हिशेबानं बरोबर इन्बी पार्कच्या २००८ मधल्या वयाएवढं होतं. पुढे तिनं जपानचं नागरिकत्व घेतलं आणि २०२४ मध्ये पुन्हा जिंकली. एकाच मुलीनं एकदा आईच्या देशाला आणि एकदा वडिलांच्या देशाला हा कप नेला. २०२५ ची विजेती स्वीडनची माया स्टार्क. भारताचं नाव या यादीत अजून नाही. कोलकात्याच्या स्मृती मेहरा एलपीजीएत खेळणाऱ्या पहिल्या भारतीय. त्यानंतर बंगळुरूची अदिती अशोक. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला तिचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. तेव्हा तिची काठ्यांची पिशवी उचलायला आईच होती बरोबर.

राहिला पैशाचा प्रश्न. २०१४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टच्या एकाच मैदानावर आधी पुरुषांची आणि लगेच पुढच्या आठवड्यात बायांची ओपन झाली. तेच गवत, त्याच गली. पुरुषांच्या विजेत्याला १६ लाख २० हजार डॉलर. बायांत मिशेल वी जिंकली, तिला ७ लाख २० हजार. ही मिशेल जन्मानं हवाईची. जॅकी पंगचा कप हुकला त्याला तेव्हा ५७ वर्षं झाली होती. २०२३ मध्ये हवाईचीच ॲलिसन कॉर्पुझ जिंकली, कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचवर. या प्रसिद्ध मैदानावर पुरुषांची ओपन १९७२ पासून होत होती, बायांची तिथे पहिल्यांदाच झाली.

२०२४ मध्ये सासोला मिळाले २४ लाख डॉलर, आपले जवळजवळ २० कोटी रुपये. त्याच वर्षी पुरुषांच्या विजेत्याला ४३ लाख डॉलर. दहा वर्षांत अंतर कमी झालं का? २०१४ मध्ये पुरुषाच्या १०० रुपयांमागे बाईला ४४ मिळाले होते, २०२४ मध्ये ५६. हिशेब आम्ही दोनदा केला, तुम्हीही करून बघा. २०२९ मध्ये पाइनहर्स्टवर दोन्ही स्पर्धा पुन्हा लागोपाठ ठेवल्या आहेत. तेव्हाचे दोन्ही आकडे या कार्यक्रमात आम्ही तुम्हाला वाचून दाखवू.